काम कुणाला द्यायचं

नवऱ्याचं नाव घेऊ नये अशी आमच्याकडची रीत. पण ही गोष्ट त्याचीच आहे, आणि 'हे म्हणाले', 'ह्यांनी सांगितलं' करत बसले तर तुमचा गोंधळ उडेल, म्हणून घेते नाव. दशरथ. गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. बोलायला कमी, पण साच्यावर उभा राहिला की खात्यातले दुसरे त्याच्याकडे बघून शिकायचे, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. बायकांना कोण आत सोडतंय? मग तो मोठा संप झाला. संप संपल्याचं आम्हाला कुणी येऊन सांगितलं नाही. गिरणीचा दरवाजा उघडला, आत दुसरी माणसं गेली आणि आमची घरी राहिली.

आम्ही दहिसरला राहायचो, नदीच्या अंगाला. बैठी चाळ, वर पत्रे. सगळी कुटुंबं आमच्याच वाडीची, मालवणकडची. परळच्या गाळ्यात, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोलीत, माणसं मावेनात तेव्हा इकडे येऊन खोल्या घेतलेली. १९८५ साली त्या चाळीत धड नोकरी असलेला पुरुष शोधून सापडला नसता. कुणी नाक्यावर ट्रक खाली करायचा, कुणी बोरीवलीला भाजीच्या पाट्या उचलायचा. दशरथ सकाळी डबा घेऊन निघायचा. अंधेरीला एका गोदामात रोजावर जातो, म्हणायचा. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पेनांत रिफिली भरायचे. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा त्याच्या तोंडावर रया नसायची. मला वाटायचं, हा कुठेतरी प्यायला लागलाय. वास येत नव्हता, तरी वाटायचं.

त्या वर्षी गणपती झाल्यावर मृणालिनीबाई आल्या. अंधेरीच्या कुठल्याशा संस्थेत त्या अर्थशास्त्राचं संशोधन करायच्या. गरिबी, विषमता, कुणाच्या वाट्याला काय यावं आणि का यावं, असले त्यांचे विषय. शिकवून शिकवून घसा बसलेला, म्हणून तोंडात सारखी खडीसाखर. मुलांना पण द्यायच्या. बाई वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. जमिनीवर मांडी घालून बसायच्या, चहा दिला की पूर्ण प्यायच्या, कप विसळायला उठायच्या. वाईट असत्या तर आम्ही सावध तरी राहिलो असतो.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमच्या चाळीत सगळ्यात गरीब कोण?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि पलीकडच्या चाळीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या चाळीतल्यांनी आमच्याकडे दाखवलं असणार. बाई वैतागल्या असाव्यात. पुढच्या खेपेला त्यांनी प्रश्न बदलला. आमच्या ओट्यावर राजारामदादा बसले होते. दादा म्हणजे आमच्या गावकीतले सगळ्यात वडील, त्यांचा शब्द चाळीत कुणी खाली पडू देत नसे. बाई त्यांना म्हणाल्या, "समजा एका माणसाचं काम निघालं. कायमचं. माझ्या संस्थेत शिपायाचं म्हणा. तर तुम्ही सगळे मिळून ते कुणाला द्याल?"

दादांनी ओट्यावरच्या माणसांकडे एकवार बघितलं. मग म्हणाले, "येत्या रविवारी बसतो आम्ही."

आता इथे शिकलेली माणसं हसतात. बाईंनी तर 'समजा' म्हटलं होतं की, मग तुम्हाला खरं कसं वाटलं, म्हणतात. कसं वाटलं ते सांगते. आमच्या माणसांना गिरणीत काम मिळायचं ते अर्ज करून नव्हे. खात्याचा जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, गाळ्यावर यायचा, चहा घ्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा आणि उठता उठता म्हणायचा, माणूस घ्यायचा झाला तर तुमच्यातला कुणी आहे का? कधी सरळ बोलायचा नाही. वचन द्यायचा नाही. आणि त्याला खोदून विचारायचं नाही, विचारलं तर तो परत यायचा नाही. मग गावकी बसायची. मधे नारळ ठेवायचा, ज्याला काम हवं त्याने उभं राहून आपली घरची स्थिती सांगायची. नारळासमोर खोटं बोलायचं नाही. आणि तिथे बोललेलं तिथेच राहायचं, उठल्यावर कुणी कुणाला त्यावरून बोलायचं नाही. ठरलं की ठरलं. राजारामदादा असेच लागले, दशरथ असाच लागला. मोठ्या घरची बाई ओट्यावर बसून, चहा पिऊन, एक माणूस मागते, म्हणजे काय चाललंय हे आमच्या पोरांनाही कळत होतं.

तो आठवडा चाळीत काय गेला म्हणून सांगू. बायका नळावर तोंड बंद ठेवून पाणी भरत होत्या. सहदेवची जानकी माझी जिवाभावाची मैत्रीण. सहदेव आणि दशरथ गिरणीत शेजारशेजारच्या साच्यांवर उभे राहायचे, आणि चाळीत आमच्या खोल्याही शेजारशेजारच्या. जानकी माझ्या दारावरून गेली आणि आत आली नाही. मला राग आला, आणि मग लक्षात आलं की मी पण तिच्या दारावरून तशीच गेले होते. एका शिपायाच्या कामासाठी.

रविवारी दादांच्या खोलीत बैठक झाली. बायका दाराशी. बाई आत बसल्या, काम देणारा बसतोच. त्यांनी टेपरेकॉर्डर काढून ठेवला तेव्हा दादांनी विचारलं, "ह्या कशाक?"

"माझ्या लक्षात राहावं म्हणून," बाई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. मग नारळ मांडायच्या आधी त्यांनी, जॉबरला कधी विचारला नसता तो प्रश्न बाईंना विचारला. बाईमाणूस म्हणून असेल, किंवा दादा आता म्हातारे झाले म्हणून असेल. "काम कधीपासून, बाई?"

सगळी खोली ऐकत होती. मी ऐकत होते. बाईंनी खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी ठरवा तर खरं. मग बघू."

हे वाक्य मी विसरणार नाही. आम्ही काम खरं धरलंय, हे त्या क्षणी त्यांना कळलं होतं. त्यांच्या तोंडावर दिसलं मला. तेव्हा वाटलं, बाईंना मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून संकोचल्या.

एकेक जण उठला. कुणी दोन वाक्यांत बसला, कुणी दुसऱ्याचं ऐकून आपलं नाव काढून घेतलं. शेवटी सहदेव आणि दशरथ राहिले. सहदेवने सांगितलं, तीन मुली, आई आंधळी, आणि ह्या दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर मुलींची शाळा सोडवून सगळ्यांना गावी नेणार. त्याने सांगायची गरज नव्हती, आम्हाला माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांचं मन सहदेवकडे झुकलं होतं. माझं सुद्धा, खरं सांगते. आमच्याकडे निदान माझे पेन होते, दशरथचं गोदाम होतं.

दशरथ उठला. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढत राहिला.

"नारळ समोर आसा, दशरथा," दादा म्हणाले. "काय ता खरा सांग."

"अंधेरीक माका काम नाय," दशरथ म्हणाला. "गोदाम नाय, काय नाय. थंय एक रक्तपेढी आसा. मी थंय रक्त इकतंय."

नारळाकडे बघतच तो पुढे बोलला.

"एक जागा नाय, दोन-तीन जागा आसत. एकीकडे नको म्हणाले की दुसरीकडे जातंय. आता हात थरथरतत. साचो दिलो तरी माका चालवूक जमाचो नाय. शिपायाचा काम जमात."

तो बसला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी ह्या माणसाला दारुडा समजत होते. रोज रात्री त्याच्या ताटात वाढताना मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. आणि घरात जी भाजी होती, मासळी होती, ती कशावर आली होती.

सहदेव बसल्या जागेवरूनच म्हणाला, "दादानू, माझा नाव काढा. दशरथाक द्या."

जानकी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला. तिच्या मुलींची शाळा त्या एका वाक्यात गेली होती, आणि तिने माझा हात धरला. दादांनी नारळ फोडला. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. टेपरेकॉर्डर चालूच होता.

दशरथने दुसऱ्या दिवसापासून अंधेरीला जाणं बंद केलं. रीतीप्रमाणे कुणी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. फक्त वाट्या यायला लागल्या. एकीकडून तिसऱ्यांचं सुकं, एकीकडून कलेजी, एकीकडून बिटाची कोशिंबीर. कुणी काही बोलायचं नाही, वाटी ठेवायची आणि निघायचं. दशरथ चिडायचा. मी त्याला जेवायला लावायचे. सहदेव दिवाळीची वाट न बघता गेला. जाताना दशरथच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "साहेब झालंस हां आता," आणि हसला. ते हसू खरं होतं. जानकीने आपला तुळशीचा डबा मला दिला.

दिवाळी झाली. बाई आल्या नाहीत. डिसेंबर लागला तेव्हा दादा म्हणाले, जाऊन भेटा, मोठ्या माणसांना आठवण करावी लागते. दशरथने पांढरा शर्ट घातला. मला मरोळला जायचंच होतं, मी पण अंधेरीला उतरले.

संस्थेची इमारत छान होती. झाडं बिडं. दारावर एक शिपाई होता, चांगला जाडजूड. दशरथ त्याच्याकडे बघत राहिला, ह्याला काढून मला घेणार की काय, असं त्याला वाटलं असावं. त्याच्या तोंडावर अपराधीपणा आला होता. असला माणूस.

बाईंनी आम्हाला खोलीत बसवलं, पाणी मागवलं. दशरथने विचारलं, "केव्हापासून येऊ?"

बाई गडबडल्या. मग समजावून सांगायला लागल्या. वाटपातला न्याय, असा त्यांचा विषय. जगात मोठमोठी माणसं त्यावर वाद घालतात, की एखादी गोष्ट एकच असेल आणि मागणारे पुष्कळ, तर ती लायकाला द्यावी, गरजूला द्यावी की चिठ्ठी टाकावी. पण गरिबांना कुणी विचारत नाही. म्हणून त्यांनी विचारलं. काम असं नव्हतंच. प्रश्न होता.

दशरथला कळायला वेळ लागला. मला नाही लागला.

"बाई, दादांनी कधीपासून म्हणून विचारलं, तेव्हा नाही म्हणायला काय झालं होतं?"

"नलिनी, मी काम आहे असं एकदाही म्हटलं नाही."

"नाही असं पण म्हटलं नाहीत."

बाई खिडकीकडे बघत बोलल्या. खोटं बोलल्या नाहीत, तेवढं मी त्यांना देते. "तेव्हा नाही म्हटलं असतं तर पुढे कुणी बोललंच नसतं. इतकी वर्षं मी लोकांना विचारतेय. सगळे हसून उडवून लावतात, नाहीतर मला आवडेल ते सांगतात. तुमच्या बैठकीत पहिल्यांदा माणसं खरं बोलली. तुम्ही सगळ्यात गरजूला निवडलंत. दुसऱ्याने आपणहून सोडलं. हे किती मोठं आहे, तुला कल्पना नाही."

"मला आहे," मी म्हटलं. "सोडणारा मुलींना घेऊन गावी गेला. त्याला वाटतंय, ह्यांना काम लागलं."

"इथलं काम खरंच माझ्या हातात नाही गं," बाई म्हणाल्या. दशरथ उठला, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमचा वेळ घेतला." मला त्या वेळी बाईंपेक्षा त्याचाच राग आला. बाहेर आल्यावर त्याने मला मरोळच्या बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा तोंडावर पुन्हा रया नव्हती. मी काही विचारलं नाही, आणि त्यानेही गोदामाचं नाव काढलं नाही.

दादांना सांगितलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले. नारळ मांडून खोट्या कामाची बैठक घेतली, हे पाप आता माझ्या डोक्यावर, म्हणाले. त्यांची समजूत घालता घालता आमच्या नाकी नऊ आले.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा निरोप आला. संस्थेत परिसंवाद आहे, बाहेरगावची विद्वान माणसं येणार, दशरथ आणि दादांनी अवश्य यावं. दादा म्हणाले, मी मेलो तरी येणार नाही. दशरथ म्हणाला, जाऊ या. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "इतकी माणसं येणार. कुणाच्या नजरेस पडलो तर." मी त्याचा शर्ट धुतला. दुसरं काय करणार होते?

सभागृहात पंखे गरगरत होते. आम्हाला मागच्या ओळीत खुर्च्या दिल्या. बाई इंग्रजीतून वाचत होत्या, मला त्यातलं 'दहिसर' तेवढं कळलं. मग त्यांनी टेप लावला. आधी भांड्याचा आवाज आला, कुणाचं तरी खोकणं, दादांचं 'काय ता खरा सांग', आणि मग दशरथचा आवाज. अंधेरीक माका काम नाय.

बैठकीतलं बैठकीत राहायचं असतं. वाट्या आणून देणाऱ्या आमच्या बायकांनी आपापसात ते कुजबुजून सुद्धा काढलं नव्हतं. इथे ते भिंतीवरच्या कर्ण्यातून येत होतं आणि सुटाबुटातली माणसं डोळे मिटून ऐकत होती. बाईंनी वाक्यावाक्याला टेप थांबवून त्याचं इंग्रजी केलं. सहदेवचं वाक्य आलं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागले. मग टाळ्या झाल्या. बाईंनी मागे बोट दाखवलं आणि दशरथला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. पुन्हा टाळ्या. त्याने हात जोडले. मी त्याचा शर्ट मागून धरला होता, तो पडेल की काय म्हणून, कारण त्या दिवसांत तो उठला की त्याला अंधारी यायची.

चहाच्या वेळी बाई आमच्याकडे आल्या. गळ्यात हार नव्हता इतकंच. सगळे त्यांचं अभिनंदन करत होते. एकाने आम्हाला मराठीतून सांगितलं, ह्या विषयाचा नवा विभाग निघतोय, बाई त्याच्या प्रमुख झाल्या, ह्या निबंधावरच.

"दशरथ, हे तुमच्यामुळे झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि टेपवर ऐकवलेली ती थरथर त्यांच्या हाताला लागली असणार, कारण त्यांनी ते पटकन सोडले नाहीत. "मी विसरणार नाही."

"नवीन विभाग," दशरथ म्हणाला. "त्याला शिपाई लागेल ना, बाई?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं. "बघू," म्हणाल्या. "नक्की बघू." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून गेल्या.

काम एकच होतं. ते ज्यांना मिळायचं त्यांना मिळालं. मला तिथे, त्या चहाच्या टेबलाशी, ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या हातात त्यांनी दिलेली बिस्किटांची बशी होती आणि दशरथ बिस्किट खात होता. भूक लागली होती त्याला. मी माझं पण त्याच्या बशीत टाकलं.

स्टेशनाजवळ आल्यावर तो थांबला. "तू पुढे हो," म्हणाला. "मी येतो मागून."

मी त्याच्या मागोमाग चालत राहिले. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती जागा होती. जिन्यात बाकावर माणसं बसलेली, सगळी दशरथसारखीच, डबे मांडीवर. खिडकीत एक माणूस कागद पुढ्यात घेऊन बसला होता. त्याने मान वर न करता नाव विचारलं आणि दशरथ म्हणाला, "विश्वनाथ." मी त्याच्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, इथे कुणी आपलं नाव सांगत नाही.

मी त्याला बाजूला केलं. "ह्यांचं नको. माझं घ्या."

"तू कशाला? घरी जा," दशरथ म्हणाला.

"तुमच्यात उरलंय काय आता?"

तो भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. जिन्यातली माणसं दुसरीकडे बघायला लागली. खिडकीतल्या माणसाने मला काट्यावर उभं केलं, वजन बघितलं, ठीक आहे म्हणाला आणि पुन्हा कागदाकडे वळला.

"नाव?"

"मृणालिनी," मी म्हटलं.

त्याने ते लिहून घेतलं आणि मला बाही वर करायला सांगितली.